टेम्पोचा इन्शुरन्स: पॉलिसीत काय लिहिलंय आणि रस्त्यावर काय चालतं

आमचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. अण्णांनी तो कराडला सुरू केला तेव्हा बांबू आणि कनाती हातगाडीवरून जायच्या. पुढे भाड्याचा टेम्पो आला आणि मग स्वतःचा छोटा हत्ती. लगीनसराईत त्याच्या दिवसाला तीन-तीन खेपा व्हायच्या. केबिनमध्ये ड्रायव्हर, मागे सतरंज्यांच्या गठ्ठ्यांवर दोन-तीन पोरं. एका एप्रिलमध्ये पाटणच्या वाटेवर समोरून आलेल्या दुचाकीला चुकवताना टेम्पो कडेच्या चारीत कलंडला. बांबूंची मोळी सुटली आणि मागे बसलेल्या एका पोराच्या मांडीचं हाड मोडलं.

अण्णांचा फोन आला. म्हणाले, "आपला इन्शुरन्स फुल्ल आहे. तेवढं बघ गं." मी कपाटातून पॉलिसी काढली. इतकी वर्षं आम्ही दरसाल पैसे भरत होतो, पण ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घरातलं कुणीतरी त्या दिवशी पहिल्यांदाच वाचत होतं. प्रीमियमच्या तक्त्यात एक ओळ होती: पगारी ड्रायव्हर, संख्या १, रुपये ५०. त्याखालची ओळ इतर कामगारांची होती. तिथे शून्य होतं.

पोराच्या ऑपरेशनचा खर्च अण्णांनी घरातून केला. तो करायलाच हवा होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण ते शून्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नाही. आता मी आमच्याच नव्हे, आजूबाजूच्या बऱ्याच लहान धंदेवाल्यांच्या गाड्यांचे कागद बघते. बेकरीवाले, फर्निचरवाले, भाजीचे व्यापारी, पाण्याचे जार पोचवणारे. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात कमी कितीत बसेल?" तो प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पैसे झाडाला लागत नाहीत. पण त्याच्या आधी विचारायचं काय, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मुद्दा एकच आहे. विमा कंपनी तुमच्या गाडीचा विमा उतरवते म्हणजे त्या गाडीच्या एका ठरावीक वापराचा विमा उतरवते. चालवणार कोण, माल कुणाचा, भाडं घेणार की नाही, गाडीत किती जण बसणार, हे सगळं पॉलिसीत लिहिलेलं असतं. रोजचं काम त्या लिहिण्याबाहेर गेलं की हप्ता भरलेला असूनही ऐन वेळी हात रिकामे राहतात.

कायद्याला काय हवंय

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १४६ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. इथे पहिली पार्टी म्हणजे गाडीमालक, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे रस्त्यावरचा कुणीही: पादचारी, सायकलवाला, समोरच्या गाडीतली माणसं. तुमच्या गाडीमुळे त्यांचं जे नुकसान होईल त्याची भरपाई कंपनीनं द्यायची, एवढीच कायद्याची सक्ती. तुमची स्वतःची गाडी दुरुस्त होते की भंगारात जाते, याच्याशी त्या सक्तीचा संबंध नाही.

हा विमा नसताना गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडली तर दंड ४,०००. हा आकडा ऐकून बरेच जण सुटकेचा श्वास टाकतात. मी त्यांना दुसरा हिशेब कागदावर मांडून दाखवते.

समजा, तुमच्या टेम्पोखाली ३४ वर्षांचा एक माणूस दगावला. महिना २०,००० कमवत होता. मागे बायको, दोन मुलं आणि आई. नुकसानभरपाई कशी मोजायची याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे आणि अपघात दावा न्यायाधिकरणं तीच वापरतात. वर्षाची कमाई २,४०,०००. माणूस चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा किंवा बांधीव पगार असलेला, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. अवलंबून असणारे चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा: २,५२,०००. आणि ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक १६. गुणाकार येतो ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधी वगैरेच्या ठरीव रकमा आणि व्याज.

चाळीस लाख. ज्याच्या गाडीला विमा नाही त्याच्या घरावर, शेतावर, दुकानावर ही रक्कम येते. आणि विमा असेल तर तिसऱ्या माणसाचा मृत्यू किंवा दुखापत यासाठी कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादाच नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असेल, म्हणजे कुणाचं दुकान, भिंत, गाडी, तर व्यावसायिक वाहनाला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. थोडेसे पैसे वाचवायला काही जण ही मर्यादा ६,००० वर आणून ठेवतात. असं करू नका. आजकालच्या कारचा एक हेडलाईटही त्यात येत नाही.

दर कसे ठरतात

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. त्यामुळे या भागात कुठलीच कंपनी स्वस्त किंवा महाग नसते. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात लोकांचा माल भाड्यानं नेणाऱ्या, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या चारचाकी मालगाडीला वर्षाला १६,०४९ रुपये धरले आहेत. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जे जीव्हीडब्ल्यू म्हणून लिहिलेलं असतं ते. म्हणजे छोटा हत्ती आणि त्याहून कितीतरी थोराड पिकअप, दोघं एकाच पायरीवर. पुढची पायरी १२,००० किलोपर्यंत, तिथे २७,१८६. तीनचाकी मालवाहू रिक्षाला मात्र ४,४९२. इलेक्ट्रिक गाडी असेल तर या दरात १५ टक्के सूट आहे. मालगाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी मालगाडीच्या विम्यावरच्या करपरताव्याबद्दल आपल्या सीएला जरूर विचारावं. अनेकांचा तो नुसताच पडून राहतो.

आता याच्या शेजारी खासगी कारचा दर ठेवा: १,००० सीसीपर्यंत २,०९४, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६. १६,०४९ आणि ३,४१६ यांच्यातलं हे अंतर बघितलं की पांढऱ्या नंबरप्लेटची ओमनी किंवा ईको धंद्याला का जुंपली जाते ते कळतं. आरटीओच्या फिटनेस तपासणीची कटकट नाही, रोड टॅक्सचा हिशेब वेगळा, विमा स्वस्त.

पण खासगी कारच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो. भाड्यानं चालवणे, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर माल नेणे, या दोन्ही गोष्टी तिथे स्पष्टपणे वगळलेल्या असतात. घरगुती केक करणारी एक ताई मला म्हणाली, "मी काय ट्रक भरून नेते का? चार-पाच बॉक्स तर असतात." ते खरंच आहे, आणि चार बॉक्सांवरून तिला कुणी अडवेल असंही नाही. पण रोज सकाळी वीस दुकानांत पाव टाकायला निघालेली कार ही खासगी वापरातली कार राहत नाही. तिचा अपघात झाला आणि नुकसान तपासायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरला मागच्या सीट काढून लोखंडी जाळ्या बसवलेल्या दिसल्या, की गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम तिथेच लंगडा होतो. खासगी गाडी भाड्यानं चालवताना चोरीला गेली, अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं २००८ आणि २०१० मध्ये पूर्ण नकार न देता ७५ टक्के द्यायला सांगितल्याची उदाहरणं आहेत. पण तिथपर्यंत पोचायला वर्षं लागतात, आणि टपरीवरचा धंदा तेवढी वर्षं गाडीवाचून थांबत नाही.

असंच एक टोक पिवळ्या पासिंगच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या, गाड्यांतही असतं. काही पॉलिसींत वापर "स्वतःचा माल" असा लिहिलेला असतो, काहींत "पब्लिक कॅरिअर", म्हणजे भाड्यानं लोकांचा माल नेण्यासाठी. फर्निचरवाला स्वतःची कपाटं कोल्हापूरला पोचवतो आणि येताना डिझेलचे पैसे सुटावेत म्हणून कुणाची तरी गुळाची पोती घेऊन येतो. परतीचं भाडं सगळेच मारतात. फक्त तुमच्या पॉलिसीत ते बसतं का, हे आजच उघडून बघा. बसत नसेल तर एजंटला सांगून एंडॉर्समेंट करून घ्या, म्हणजे चालू पॉलिसीतच तशी दुरुस्ती.

"फुल्ल इन्शुरन्स" किती फुल्ल

थर्ड पार्टीच्या जोडीला स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर हे घेतलं की लोक त्याला फुल्ल म्हणतात. कायद्याची त्यासाठी सक्ती नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँक किंवा फायनान्सवाले ती करतात.

यात दोन गोष्टी समजून घ्यायच्या. एक आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर जास्तीत जास्त किती मिळणार, तो आकडा. नव्या गाडीची किंमत धरून वयाप्रमाणे ती उतरत जाते: सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, चार वर्षांत ४० आणि पाच वर्षांत ५०. हप्ता कमी दाखवायला एजंटानं आयडीव्ही खाली ओढला असेल तर कोटेशन गोड दिसतं आणि गाडी गेली की रडायची पाळी येते. दोन कोटेशनांची तुलना करताना आधी दोन्हींतला आयडीव्ही सारखा आहे का ते बघा, मगच हप्ता बघा.

दुसरी गोष्ट सांगितल्यावर समोरचा हमखास माझ्याकडे टक लावून बघतो. मालगाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे याच फुल्लमध्ये, हेडलाईट, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंगकाम यांचे पैसे मिळत नाहीत, गाडी पूर्ण बाद झाली असेल तर गोष्ट वेगळी. कारमध्ये असं नसतं, व्यावसायिक वाहनांतच आहे. आणि टेम्पोला धडक बसली की आधी मोडतं काय? नेमकं हेच. आमच्या टेम्पोची डावी बाजू चारीत घासली होती. गॅरेजवाल्यानं इस्टिमेट काढलं: मडगार्ड, हेडलाईट, बंपर, डेंटिंग-पेंटिंग. सर्व्हेअर चांगला माणूस होता. त्यानं इस्टिमेटवर पेन्सिलीनं एकेक ओळ खोडत नेली आणि प्रत्येक खोडीबरोबर पॉलिसीतलं कलम दाखवलं. शेवटी उरल्या डाव्या बाजूचा दरवाजा आणि चाकाकडची थोडी लोखंडी कामं. यावरचा उपाय म्हणजे "आयएमटी २३" नावाचं जादा कलम. गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर साधारण १५ टक्के जादा भरून ते घेता येतं. एजंट स्वतःहून ते सांगेलच असं नाही, कारण मग कोटेशन महाग दिसतं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. तुम्ही नाव घेऊन विचारा: आयएमटी तेवीस आहे का?

शिवाय घसारा असतोच. प्लॅस्टिक आणि रबरी भाग, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. काचेवर घसारा लागत नाही.

गाडीत बसलेली माणसं

आता त्या शून्याकडे येते. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

लहान धंद्यात मालगाडी एकट्या ड्रायव्हरची कधीच नसते. माल उतरवायला हमाल लागतो, फिटिंगला कारागीर लागतो, वसुलीला पोरगा लागतो. आणि जाता जाता कुणी ओळखीचं हात करतं, "उंब्रजपर्यंत सोडा की." कायद्याच्या नजरेत ही सगळी माणसं एकसारखी नाहीत. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालासोबत जात असेल तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्याला थर्ड पार्टी विम्यात धरलेलं आहे. मालगाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेला प्रवासी मात्र धरलेला नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००३ पासून हे अनेकदा स्पष्ट केलं आहे. म्हणजे ओळखीखातर बसवलेल्या माणसाला काही झालं तर त्याच्या घरच्यांचा दावा थेट तुमच्यावर येऊ शकतो. नाही म्हणणं जड जातं, मला ठाऊक आहे. पावसात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बाईला पाहून टेम्पो पुढे काढणं कुणालाही जमत नाही. पण रोजची सवारी म्हणून माणसं भरणं थांबवता येतं.

कामगारांचं वेगळं. कामावर असताना कामगाराला अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, ही जबाबदारी १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आलेली आहे. मोटार पॉलिसीत पगारी ड्रायव्हर, क्लीनर यांच्यासाठीची ही जबाबदारी कंपनीकडे सोपवता येते आणि त्याचा हप्ता माणशी अवघे ५० रुपये आहे. पन्नास! चहा-भज्याचे पैसे. इतर कामगारांसाठीही वेगळी नोंद करता येते. पॉलिसीत त्यांची नावं नसतात, संख्या असते. ती संख्या गाडीच्या आरसीवर जितक्या बैठका लिहिल्या आहेत त्यात बसली पाहिजे. मागे हौद्यात बसलेला पाचवा माणूस कुठल्याही कलमात बसवता येत नाही, कितीही हप्ता भरला तरी.

ऊसतोडीच्या भागातल्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवते. ट्रॅक्टरचा विमा म्हणजे ट्रॉलीचा विमा नव्हे. ट्रॉलीची नोंद आणि हप्ता वेगळा असतो. आणि ट्रॅक्टरवर बैठक एकच, ड्रायव्हरची. मडगार्डवर बसलेल्या माणसासाठी पॉलिसीत जागा नाही. शेतीकामाचा म्हणून विमा उतरवलेला ट्रॅक्टर विटा आणि वाळूच्या भाड्याला लावला तर वापराचाच भंग होतो.

मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. २०१८ च्या शेवटी ही रक्कम इतकी वाढली. त्याआधी ती फारच थोडी होती. गाडी कंपनीच्या किंवा भागीदारी फर्मच्या नावावर असेल तर हा विमा लागू होत नाही, कारण फर्मला हातपाय नसतात. अशा वेळी गाडी चालवणाऱ्या भागीदारानं स्वतःचा अपघात विमा वेगळा काढावा. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

ड्रायव्हरचं लायसन, गाडीचा फिटनेस

साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसनवर टेम्पो चालवता येतो का, यावर वर्षानुवर्षं वाद होता आणि त्या वादावर कितीतरी क्लेम अडले. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो मिटवला: एकूण वजन ७,५०० किलोच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. छोटा हत्ती, पिकअप, छोटे टेम्पो यात आले. धोकादायक माल असेल तर नियम वेगळे.

पण लायसन खरं आणि चालू हवं. नवा ड्रायव्हर ठेवताना झेरॉक्स घेऊन फाईलला लावणं पुरेसं नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर लायसन नंबर टाकून दोन मिनिटांत तपासता येतं, त्याची प्रिंट काढून ठेवा. लायसनचा घोळ निघाला तर न्यायालयांनी अनेकदा असा मार्ग काढला आहे की कंपनीनं आधी जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. समोरच्या घराला न्याय मिळतो, तो मिळायलाच हवा. पण वसुलीची नोटीस येते तुमच्या पत्त्यावर. तुम्ही लायसन नीट तपासून ड्रायव्हर ठेवला होता हे दाखवता आलं तर तुमची बाजू मजबूत राहते, म्हणून ती प्रिंट.

नव्या मालगाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. ३,००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागतं. क्लेम नाकारण्याच्या पत्रांत फिटनेस संपल्याचं कारण मी इतक्यांदा वाचलं आहे की आता विम्याची तारीख लिहिते तिथेच फिटनेसचीही लिहिते.

जुनी गाडी घेतली तर

लहान धंद्यात पहिली गाडी बहुधा जुनीच असते. कागद विकणाऱ्याच्या नावावर, फॉर्मवर सह्या घेतलेल्या, "पुढच्या महिन्यात ट्रान्सफर करू." त्या पुढच्या महिन्याला वर्ष लागतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकून मोकळा झालेला माणूस अजिबात मोकळा झालेला नसतो. घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. ती केली नाही तर तिसऱ्या माणसाचं संरक्षण चालू राहतं, पण स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम लटकतो, कारण कंपनीचा करार तुमच्याशी नसतोच. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचा.

गाडीतला माल हा आणखी वेगळा विषय. मोटार पॉलिसी गाडीची असते, आतल्या फ्रिजची किंवा द्राक्षांच्या पेट्यांची नसते. त्यासाठी वाहतुकीतल्या मालाचा वेगळा विमा मिळतो. एका खेपेत महागडा माल नेत असाल तर घ्या, विटा-वाळू नेत असाल तर सोडून द्या.

हप्ता भरण्याबद्दल एवढंच: पैसे कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही, विमा कायद्याचं तसं कलमच आहे. चेक परत गेला तर हातातली पॉलिसी रद्दी. मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस नसतात, रात्री बारा वाजता संपली म्हणजे संपली. ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केलं तर फक्त नो क्लेम बोनस वाचतो, मधल्या दिवसांतला अपघात तुमच्याच डोक्यावर.

अपघात झालाच तर

आधी जखमी माणूस. त्याला जवळच्या दवाखान्यात नेणं हे ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्य आहे, कलम १३४. जमाव धावून येईल अशी भीती असेल तर पोलीस ठाण्यात जावं, पण पळून जाऊ नये. ड्रायव्हरला हे कामावर घेतानाच समजावून सांगा. घाबरलेला माणूस त्या क्षणी काहीच आठवू शकत नाही.

मग फोटो. गाडी होती तशी, चारही बाजूंनी, नंबर दिसेल असे, आणि आतला मालही. मालगाडीच्या बाबतीत कंपनी बऱ्याचदा जागेवरच सर्व्हेअर पाठवते, म्हणून टोइंग करण्याआधी कंपनीच्या नंबरवर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. कुणी जखमी असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांकडे लगेच. मालाची पावती, चलन, फिटनेस, लायसन, आरसी हे सगळं मागितलं जाणार आहे. एका लिफाफ्यात आधीच ठेवलेलं असेल तर दोन आठवड्यांची धावपळ वाचते.

आणि रस्त्यातच मिटवामिटवी करून "माझी चूक झाली, मी इतके देतो" असं कागदावर लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा देण्याचं वचन दिलं तर पॉलिसीची अट मोडते. जखमीच्या औषधाला, जेवणाला मदत करा, ती माणुसकी आहे आणि तिला कुणी हरकत घेत नाही. सही मात्र करू नका.

क्लेम नाकारला किंवा कापला गेला तर नकार लेखी मागा, कलमासकट. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात. एकट्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही हे दार उघडं आहे. मी दोघांना अर्ज लिहून दिले आहेत, साध्या मराठीत, हातानं.

आमच्या पॉलिसीत आता ड्रायव्हर एक आणि क्लीनर एक अशी नोंद आहे, आयएमटी २३ आहे, आणि वापर पब्लिक कॅरिअर असा लिहिलेला आहे, कारण लगीनसराई सरली की अण्णा लोकांची भाडी घेतात. केबिनमध्ये दोघंच बसतात. बाकीची पोरं एसटीनं किंवा मोटारसायकलींवरून मागून येतात. ज्याचं हाड मोडलं होतं तोही त्यांच्यात असतो, आता तो मांडवाची आखणी बघतो. टेम्पो आधी पोचतो आणि माणसं पोचेपर्यंत बांबू तसेच गाडीत राहतात. मांडव उभा राहायला अर्धा-पाऊण तास उशीर होतो. सुपारी घेतानाच अण्णा यजमानांना तसं सांगून ठेवतात.